पंच न मारलेली रेघ

चौतीस वर्षं मी पोलादावर रेघा मारल्या. रिफायनरीसाठी मोठाल्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात मी मार्कर होतो. मार्कर म्हणजे काय, तर ड्रॉइंग वाचायचं, प्लेटवर खडू फासायचा, पट्टी आणि गुण्या लावून रेघ मारायची आणि कापणाऱ्याला सांगायचं, बाबा रे, इथून काप. कापणारा स्वतःचं डोकं चालवत नाही, तो डोळे झाकून माझ्या रेघेवरून जातो. रेघ चुकली की अख्खी प्लेट भंगारात. माझी एकही गेली नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, "भास्कररावांची रेघ तपासायची नसते." हे वाक्य मी निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत इतक्यांना ऐकवलंय की मी तोंड उघडलं की माझी बायको पद्मा आतल्या खोलीत निघून जाते.

स्वभाव माझा तापट. आजोबा गायकवाड सरकारच्या पलटणीत होते, त्यांच्याकडून आलाय असं मी सांगतो. घरात मला कोणी "तुमचं चुकलं" म्हणत नसे. मला वाटायचं, चुकतच नाही तर म्हणणार काय कप्पाळ!

उत्कर्षा आमची एकुलती एक. सव्वीस वर्षांची, सिव्हिल इंजिनियर. हरणीला नव्या सोसायट्यांची कामं चालू आहेत, तिथे साइटवर असते. दिवसातून चार वेळा परांचीवर चढायची आणि वरून मला फोन करून म्हणायची, बाबा, इथून विमानतळ दिसतोय. अशा मुलीच्या उजव्या मांडीत गाठ निघाली. आधी लिंबाएवढी होती. आमचा नेहमीचा डॉक्टर म्हणाला, चरबीची आहे, दहा मिनिटांत काढून टाकतो. मीही हो म्हणून बसलो होतो. पोरगीच म्हणाली, आधी तपासून घेऊ. सुई घालून तुकडा काढला, रिपोर्ट आला. सार्कोमा. मांसातला कॅन्सर.

हॉस्पिटलात तीन डॉक्टर एका टेबलाशी बसले होते. ऑपरेशनवाले, औषधवाले आणि शेक देणाऱ्या डॉक्टर मृदुलाबेन. बडोद्यात रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात. बोलल्या मृदुलाबेनच. म्हणाल्या, "या आजारात एकट्याने कोणाचं भागत नाही. आधी पंचवीस दिवस शेक द्यायचा, म्हणजे गाठीची कड मरेल. मग महिनाभर थांबून सर्जन ती चारी बाजूंनी चांगलं मांस घेऊन काढतील. नंतर लागलं तर औषधाची इंजेक्शनं. तिघांनी एकमेकांच्या वेळेला पोचायला हवं. शेकात खंड पडला तर कड पुन्हा जिवंत होते."

"आणि पाय?" पद्माने विचारलं.

"गाठ मोठ्या नसेला टेकलीय. कड नीट मेली तर पाय राहील."

नाहीतर काय, ते त्या बोलल्या नाहीत. मी कारखान्यातला माणूस. प्लेटची कड खराब असली तर आम्ही कुठून कापतो ते मला ठाऊक आहे. त्या रात्री मी जेवलो नाही.

शेक सुरू होण्याआधी स्कॅन करून मांडीवर खुणा केल्या. जांभळ्या शाईच्या तीन फुल्या, एक समोर आणि दोन बाजूंना. रोज मशीनखाली झोपवायचं, खोलीच्या भिंतींतून लाल किरणांच्या रेघा येतात, त्या या फुल्यांवर बसवायच्या आणि मग शेक. आडनावाने कोणी हाक मारत नसे असा हार्दिक नावाचा टेक्निशियन होता, पस्तिशीचा, गुजराती, कामाला चोख. तो म्हणाला, "काका, फुल्या पुसाय तो बधुं फरीथी करवुं पडे. म्हणजे पुन्हा स्कॅन, पुन्हा प्लॅन. तिथे पाणी नको, साबण नको, तेल तर बिलकूल नको."

आम्हा बडोदेकरांशी गुजराती माणूस असंच अर्धं अर्धं बोलतो आणि आम्हीही तसेच.

मी हसलो. म्हटलं, "भाई, आमच्याकडे रेघ मारली की तिच्यावर पंच मारतात. हातोडीने बारीक ठिपके. खडू पुसला तरी ठिपक्यांवरून रेघ परत सापडते. तुमचं हे पंचाशिवायचं मार्किंग म्हणजे कच्चं काम."

"आहे ने, काका! पंच पण आहे आमच्याकडे." त्याने एक सुई दाखवली. "तीन टपकी गोंदायची. तिळाएवढी. आयुष्यभर जात नाहीत. करू?"

उत्कर्षा हो म्हणणार होती. तेवढ्यात मी मध्ये पडलो. लग्नाची मुलगी, तिच्या अंगावर आजाराचा शिक्का कायमचा कशाला? उद्या कोणी विचारलं तर? मी म्हटलं, "काही गोंदायबिंदायचं नाही. आम्ही फुल्या सांभाळू." हार्दिकने कागद पुढे केला, नको म्हणून मी सही केली. उत्कर्षाने माझ्याकडे पाहिलं आणि मांडीवर चादर ओढून घेतली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी तिला पलंगावर आडवं केलं आणि पट्टी लावून गुडघ्याच्या वाटीपासून समोरच्या फुलीपर्यंतचं अंतर मोजलं. बावीस सेंटिमीटर आणि चार मिलीमीटर. बाजूच्या दोन्हींचंही मोजलं. कोणी सांगितलं नव्हतं, सवय. खिशातल्या डायरीत लिहून ठेवलं. पद्मा म्हणाली, "अहो, पोरगी आहे ती, टाकी नाही." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

नवरात्र गेलं. पोरीने यंदा गरब्याचं नाव काढलं नाही, गॅलरीत बसून टाळ्या ऐकल्या. एक एक करून तेरा शेक झाले. कातडी काळवंडली, पण गाठ नरम पडली. मृदुलाबेन खूश होत्या. आणि दिवाळी आली.

गुजरातेतली दिवाळी ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळायचं नाही. लाभपांचमीपर्यंत, म्हणजे कार्तिकातल्या पंचमीपर्यंत, दुकानं बंद, ऑफिसं बंद, माणसं गावाला. हॉस्पिटलचा शेकविभागही रविवार ते मंगळवार बंद राहणार होता. तीन दिवसांचा खंड चालेल, पण त्याहून जास्त नको, म्हणून मृदुलाबेननी मुद्दाम शनिवारी शेक ठेवला होता. शनिवारी नरक चतुर्दशी. स्कॅनवरून प्लॅन बनवणारे मयंकभाई शुक्रवारीच राजकोटला निघून गेले होते, ते लाभपांचमीला, पुढच्या शुक्रवारी, परतणार. हे सगळं मला तोंडपाठ होतं, कारण मी सगळं विचारून ठेवतो.

शनिवारी पहाटे आमच्याकडे अभ्यंगस्नान. पद्मा म्हणाली, "पोरीला नुसता टिळा लावते. पाण्याचं राहू दे यंदा."

मी भडकलो. "वर्षाचा दिवस! आजारी आहे म्हणून काय सणाला बिनआंघोळीची ठेवायची? पाय झाक आणि घाल."

पद्माने झाकला. तिची काही चूक नाही, हे मी आधीच सांगतो. मांडीला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, वर चिकटपट्टी लावली, पोरीला पाटावर न बसवता स्टुलावर बसवलं. लहरीपुऱ्यातून आणलेलं सुगंधी तेल डोक्याला, पाठीला, खांद्यांना चोळलं. उटणं लावलं, दोन तांबे पाणी वरच्यावर घातलं. बाहेर मी फुलबाजी घेऊन उभा होतो. किती दिवसांनी पोरगी आतून हसत होती!

मग हसणं थांबलं.

"अहो," पद्माची हाक आली. फुलबाजी टाकून मी आत धावलो.

तेल पाठीवरून ओघळत कमरेवरून खाली आलं होतं आणि चिकटपट्टीखालून आत शिरलं होतं. पिशवी काढली तर आतून सगळी मांडी तेलकट झालेली. समोरची फुली गायब. आतल्या बाजूची गायब. बाहेरच्या बाजूला फुलीची अर्धी रेघ फिकट जांभळी उरली होती, बस्स. पद्मा भिंतीला टेकून रडायलाच लागली. उत्कर्षा टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसून होती. ती म्हणाली, "हार्दिकभाईंना फोन करू या."

"आणि तो काय म्हणेल?" मी ओरडलो. "पुन्हा स्कॅन म्हणेल! मयंकभाई राजकोटला. म्हणजे शुक्रवारी स्कॅन, सोमवारी शेक. नऊ दिवस! नऊ दिवसांत ती कड..."

पुढचं मी बोललो नाही. पण ते तिघांनाही ऐकू आलं.

आणि मग मला डायरी आठवली. बावीस चार.

तुम्ही म्हणाल, अक्कल कुठे गेली होती? मी सांगतो कुठे गेली होती. चौतीस वर्षं जे एकच काम मी कोणाहूनही बरं केलं ते काम समोर आलं होतं, आणि ते केलं तर माझ्या पोरीचा पाय वाचत होता. मला क्षणभर, खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. देवाने माझ्याकडेच पाठवलंय असं वाटलं.

"पट्टी आण," मी पद्माला म्हटलं. "आणि गणपतीच्या मखराला आणलेला जांभळा मार्कर."

"अहो, विचारल्याशिवाय नको. माझं ऐका."

"तू गप्प बस! रेघ कोण मारतंय ते बघ."

तिने पट्टी आणि मार्कर आणून दिला. मी मांडी कोरड्या फडक्याने टिपली. बाहेरच्या बाजूची अर्धी रेघ होती, ती मी स्वतः रुमालाने घासून पुसून टाकली. अर्धवट जुन्या रेघेवर नवी रेघ मारायची नाही, हा आमचा नियम. मग वाटीपासून मोजलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तीन फुल्या मारल्या. हात जरासुद्धा हलला नाही. उत्कर्षा स्टुलावर बसल्या बसल्या बघत होती. काम झाल्यावर मी म्हटलं, "बघ. हार्दिकलासुद्धा कळणार नाही."

तिने होय अशी मान हलवली.

रिक्षात ती पाय लांब करून बसली. तिची नजर सारखी मांडीकडे जात होती, वर पायजमा होता तरी. मी विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही." पद्माने वाटभर माझ्याकडे पाहिलं नाही.

हॉस्पिटलात गर्दी. सुट्टीआधी सगळ्यांना शेक उरकायचा होता. हार्दिक एका पेशंटला बाहेर काढून दुसऱ्याला आत घेत होता. "साल मुबारक ॲडव्हान्समां, काका!" म्हणाला. उत्कर्षा लंगडायची, म्हणून टेबलावर चढवेपर्यंत मला आत येऊ देत. तिला पायाच्या साच्यात झोपवलं, पाय सरळ केला. हार्दिकने दिवे मंद केले. भिंतींतून लाल रेघा आल्या.

त्याने टेबल सरकवून समोरची फुली लाल रेघेवर आणली. मग बाजूला गेला. "आजे पग फरी गयो लागे छे," तो पुटपुटला, म्हणजे आज पाय फिरलाय वाटतं. त्याने साच्यातच पाय थोडा आत वळवला, आणि बाजूच्या फुल्याही बसल्या. "बस, बेन, हलू नका." तो मला घेऊन बाहेर निघाला.

निघता निघता मी एकदा मागे पाहिलं.

तुकडा काढला होता त्या सुईचा व्रण तिच्या मांडीवर होता, तांदळाच्या दाण्याएवढा. रोज मी तो पाहायचो. तेरा दिवस लाल रेघ त्या व्रणाला चाटून जायची. आज व्रण एकीकडे होता आणि रेघ दुसरीकडे, मध्ये माझं बोट झोपेल एवढी जागा.

मी दारातच थांबलो. मग लक्षात आलं. त्या संध्याकाळी मी मोजलं तेव्हा ती पलंगावर आडवी होती, पाय सरळ. आज सकाळी ती स्टुलावर होती, गुडघा दुमडलेला. गुडघा दुमडला की वाटी खाली सरकते, कातडी ताणते. मी जिथून मोजलं ती जागाच हललेली होती. प्लेट कधी बसत नाही आणि उठत नाही, तिची कड जिथे असते तिथेच असते. कारखान्यात नवशिक्या पोराने न हलणारी कड सोडून दुसरीकडून माप घेतलं तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढायचो.

"चालो काका," हार्दिक म्हणाला. मी बाहेर आलो. भिंतीएवढा जाड दरवाजा सरकायला लागला.

हे जे झालं ते दरवाजा बंद होईपर्यंतच्या वेळात झालं, फार तर अर्ध्या मिनिटात, पण ते अर्धं मिनिट मी विसरणार नाही. मनात आलं, बोटभर तर आहे. गाठ केवढी मोठी, बोटभराने काय होतंय? मनात आलं, बोललो तर नऊ दिवस गेले, पाय गेला. आणि, लाज वाटते पण सांगतो, हेही आलं की बोललो तर भास्कररावांची रेघ चुकली हे सगळ्यांना कळेल. मशीनवर फोटो काढून तपासायचं दर सोमवारी. या सोमवारी सुट्टी. म्हणजे आज, बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे चार शेक माझ्या रेघेवर पडतील आणि पुढच्या सोमवारपर्यंत कोणाला कळणारही नाही. एका बाजूची चांगली कातडी भाजून निघेल आणि दुसऱ्या बाजूला जी कड मारायची ती बोटभर जिवंत राहील. सर्जन तिथूनच कापणार. तो विचारणार नाही. कापणारा कधी विचारत नाही.

दरवाजा बंद झाला. वरचा लाल दिवा लागला. हार्दिक खुर्चीत बसला, त्याने पडद्यावर तिचं नाव पाहिलं, बोट बटणाकडे नेलं.

"थांब!" मी ओरडलो. माझा आवाज मोठा, कॉरिडॉरमधले सगळे उठून उभे राहिले. "थांब रे हार्दिक! बटण दाबू नकोस! फुल्या माझ्या आहेत!"

"शुं?"

"फुल्या तुझ्या नाहीत. सकाळी तेलाने पुसल्या. मी मारल्यात. चुकल्यात."

त्याने चटका बसावा तसा हात मागे घेतला. दरवाजा उघडला. माइकवरून मृदुलाबेनना बोलावून तो माझ्याकडे न बघता आत धावला. त्या आल्या. दोघांनी दिवे लावून मांडी पाहिली, जुने फोटो काढले, व्रणापासून मोजलं. मी दारात उभा. हार्दिकने विचारलं, "काका, एकही जुनी निशाणी राहिली नव्हती? जरासुद्धा? एक असती तरी मी तिच्यावरून आज बसवलं असतं."

याचं उत्तर मला द्यावं लागलं. "एक होती. मी पुसली."

त्याने नुसतं मशीनचं टेबल खाली घेतलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

मृदुलाबेननी पट्टी माझ्यासमोर धरली. "अठरा मिलीमीटर."

आमच्या भाषेत जवळजवळ सहा सूत. मी एका सुतासाठी माणसांना घरी पाठवलंय.

"आज शेक होणार नाही," त्या म्हणाल्या. "मयंकभाई आल्यावर स्कॅन करू. सोमवारी सुरू. नऊ दिवसांचा खंड वाईट आहे, भास्करभाई, मी खोटं सांगणार नाही. पुढे दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदा शेक देऊन भरून काढायचा प्रयत्न करीन, सर्जनशी बोलून तारीख पुढे घेईन. पण गेलेला दिवस भरून काढता येतो. चुकीच्या जागी दिलेला शेक परत घेता येत नाही. एवढं मात्र तुम्ही वेळेवर बोललात."

"पाय?" मी विचारलं.

"आता सांगता येणार नाही."

बाहेर बाकावर पद्मा उत्कर्षाजवळ बसली होती. मला वाटलं होतं पद्मा आज माझी उभ्या उभ्या पूजा करणार, आणि केली असती तर मी मान खाली घालून ऐकणार होतो. ती फक्त म्हणाली, "चहा आणते," आणि गेली. मी पोरीच्या शेजारी बसलो. सॉरी म्हणायची मला सवय नाही. मी म्हटलं, "उत्कर्षा, माझं चुकलं." हे दोन शब्द माझ्या तोंडून घरात पहिल्यांदा निघाले असतील.

 ती फरशीकडे बघत म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"रिक्षात बसण्याआधीच. पायजमा चढवताना पाय सरळ केला, तेव्हा फुली व्रणापासून लांब गेलेली दिसली. मी रोज साइटवर लेव्हल बघते, बाबा. मला कळतं."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलोच. सवय जाते का! "अगं, तुझा पाय! मशीनखाली जाऊन झोपलीस, तरी तोंड उघडलं नाहीस?"

"हे बघा," ती शांतपणे म्हणाली, "हे असंच. तुम्हाला कोण सांगणार? आई बोलली, तिला गप्प बसवलंत. गोंदायच्या वेळी मी तोंड उघडणार होते, तुम्ही सही करून मोकळे झालात. आज वाटलं, तुम्ही तीनदा मोजलंय, म्हणजे माझंच चुकत असेल." ती माझ्याकडे वळली. "आणि खरं सांगू? मशीनपेक्षा मला तुमची जास्त भीती वाटली."

माझ्या आयुष्यात मला कोणी मारलं नाही असं नाही. बाप मारायचा, फोरमनने एकदा पाना फेकला होता. पण या वाक्याएवढं काही लागलं नाही. मी कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत रडलो. माझ्या धाकाने माझी पोरगी आपला पाय द्यायला निघाली होती, आणि मी समजत होतो की घरात माझं चुकत नाही.

लाभपांचमीला स्कॅन झाला. नव्या फुल्या मारून हार्दिक सुई घेऊन उभा राहिला. कागद पुढे आला तेव्हा मी हात मागे बांधून उभा होतो. उत्कर्षाने स्वतः सही केली. तीन टपकी गोंदताना ती एकदाच ओठ चावून बसली. मग हार्दिकने सवयीने मला विचारलं, "काका, जोई लो, बरोबर ने?"

"मला विचारू नकोस," मी म्हटलं. "तिला विचार."

बाकीचे बारा शेक झाले, शेवटी तीन दिवस दोनदा दोनदा. मग महिनाभर थांबायचं. तो महिना मी कसा काढला ते मी लिहिणार नाही. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी, उत्तरायणाचे पतंग उडायला लागले तेव्हा, ऑपरेशन. सर्जन आधी दोन कागदांवर सही घेऊन गेले, एक पाय ठेवायचा आणि एक न ठेवायचा. कुठला वापरायचा ते आत गेल्यावर ठरणार होतं. सकाळी आठला आत नेलं, दुपारचे तीन वाजले तरी कोणी बाहेर येईना. पद्मा माझा हात धरून बसली होती. सत्तावीस वर्षांत असा धरला नव्हता. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी तुझं ऐकलं असतं तर." ती म्हणाली, "आता ऐका म्हणजे झालं."

परवा मी बाथरूममध्ये भिंतीला स्टीलचा दांडा बसवत होतो, आधाराला धरायचा. उंची मोजली, भोकं पाडली, स्क्रू आवळले. उत्कर्षाची औषधाची इंजेक्शनं चालू आहेत, केस गेलेत, डोक्याला रुमाल बांधते. ती दारात आली. आत पाऊल टाकलं, मग दुसरं टाकलं. डावं आणि उजवं. उजव्या मांडीवर वीतभर लांब व्रण आहे, दोन टपकी त्या कापण्यात गेली, बाहेरच्या बाजूचं एक राहिलंय. तिने दांडा धरून पाहिला, सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे न घाबरता बघितलं.

"बाबा, चुकलंय. दोन सूत खाली हवा होता."

मी पट्टी लावली. दोन सूतच होतं. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दांडा काढायला लागलो. रेघ चुकल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.